पिरोज्यावरची हळद

आमच्या ह्यांनी आयुष्याची शेवटची चार वर्षं चमच्याने जेवून काढली. वरणभात चमच्याने, पुरणपोळी काट्या-सुरीने, आणि मासे तर सोडूनच दिले, कारण काटे बोटांशिवाय निघत नाहीत. पुण्याला एका लग्नात पंगतीला बसल्यावर ह्यांनी खिशातून चमचा काढला तेव्हा सगळी पंगत हसली. दुबईला जाऊन साहेब झाले म्हणे! हेही हसले. मीही हसले. खरं कारण फक्त मला माहीत होतं आणि मी मिठाची गुळणी धरून बसले होते. हे गेले त्याला आता वर्ष होऊन गेलं. आता लिहिते. उशीर झालाय, मला कळतं, कुणी सांगायला नको.

आम्ही अजमानला राहतो. दुबईतलं भाडं परवडत नाही म्हणून इथे राहणारी जी हजारो घरं आहेत, त्यातलंच एक आमचं. मी इथल्याच एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला. दिवसभर टोकन नंबर पुकारायचे आणि इन्शुरन्सची कार्डं बघायची. ह्यांचं वर्कशॉप मात्र दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, पार दुसऱ्या टोकाला. एका बाजूला ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला गोठवलेल्या पराठ्यांचा, आणि मध्ये ही पाटीसुद्धा नसलेली जागा, जिथे श्रीमंतांची घड्याळं दुरुस्तीला यायची. हे पहाटे कंपनीच्या बसने निघायचे आणि दिवेलागणीला परत.

वीस वर्षं ह्यांनी काय केलं? बॅटऱ्या बदलल्या, पट्टे बदलले, काचा बसवल्या. पण मन होतं जुन्या घड्याळांत. त्यातही टेबलावरच्या छोट्या फ्रेंच घड्याळांत. शंभरेक वर्षांपूर्वी पॅरिसच्या जवाहिऱ्यांनी घडवलेली, तळहातावर मावतील अशी. त्यांच्याबद्दल बोलायला लागले की हे थांबायचे नाहीत. मी पोळ्या लाटत असायचे आणि हे ओट्याला टेकून सांगत असायचे.

"अगं, डायलवर नाव असतं दुकानाचं. पण हात कुणाकुणाचे असतात माहितीये? एक माणूस जन्मभर फक्त धातूवर बारीक रेघा ओढायचा. त्याच्यावर मीना, म्हणजे रंगीत काचेचा लेप, चढवणारा दुसरा. एकेक थर भट्टीत घालायचा, काढायचा, परत घालायचा. पाचव्या थराला तडा गेला की आधीचे चारही वाया. खडे बसवणारा तिसरा. आतलं यंत्र करणारा आणखी कुणी. छोटे छोटे कारखाने, आपल्या हॉलएवढे. बापाकडून मुलाकडे आलेलं काम."

"मग त्यांचं नाव कुठेच नाही?"

"एक शिक्का असतो कडेला, कारखान्याचा. शंकरपाळ्याच्या आकाराचा. भिंगाशिवाय दिसत नाही."

मी म्हणायचे, कप्पाळ! एवढी मेहनत आणि शिक्का तो डोळ्यांना न दिसणारा. हे म्हणायचे, ज्याला बघायचाय त्याला दिसतो. मला ह्या बोलण्याचा कंटाळा यायचा, खोटं कशाला सांगू. पोळी करपते, तिकडे व्हा, असं कितीदा म्हटलंय मी.

तर चार... नाही, आता पाच वर्षं झाली त्याला. वर्कशॉपमधला जुन्या घड्याळांचा बेंच सांभाळणारा म्हातारा कारागीर निवृत्त होऊन आपल्या देशी जायचा होता. त्याच्या जागी कोण, हा प्रश्न होता. मॅनेजरने ह्यांना एक घड्याळ दिलं आणि सांगितलं, हे तुम्ही एकट्याने करा, उघडण्यापासून बंद करेपर्यंत. घड्याळ आठ दिवस चालवून बघायची टेस्ट रन नीट पार पडली की बेंच तुमचा. ह्यांनी घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा बुटांच्या नाड्यासुद्धा सोडल्या नव्हत्या. पन्नाशीचा माणूस, पण दारात उभा राहून शाळेतल्या पोरासारखं सांगत होता. वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते एका घड्याळावर येऊन ठेपलं होतं.

दोन महिने ते घड्याळ आमच्या घरात बोलण्यात होतं. मग एक दिवस ते खरंच घरी आलं. झालं असं की टेस्ट रनच्या मध्येच आलेल्या सुट्टीत वर्कशॉपच्या बिल्डिंगचा एसी दुरुस्तीसाठी बंद राहणार होता. उकाड्यात आतलं तेल पातळ होतं आणि घड्याळ वेळ सोडतं. मग आठवडाभराची मेहनत फुकट. मॅनेजर म्हणाला, हबीबी, घरी घेऊन जा. गेट पासवर सही करून दिली. हे बसमध्ये ती पेटी मांडीवर धरून बसून आले. तीन दिवसांचा प्रश्न होता.

मी वाकून बघितलं. इतकी वर्षं नुसतं ऐकत होते. चौकोनी, जेमतेम माझ्या तळहाताएवढं. निळी मीना, आणि त्या निळ्याच्या खाली मधून बाहेर पसरलेल्या रेघा. घड्याळ जरा हललं की त्या रेघा पाण्यासारख्या हलायच्या. काट्यांवर हिऱ्याच्या कण्या. आणि खाली बैठकीच्या चार कोपऱ्यांना चार पिरोजे, आकाशी रंगाचे खडे, हरभऱ्याच्या डाळीएवढे. किंमत विचारली तर म्हणाले, दिरहॅममध्ये सांगितली तर तू रुपयांत करशील आणि आजारी पडशील, नको.

ह्यांनी मला भिंगातून मागचं झाकणही दाखवलं. आतल्या बाजूला केसासारखे बारीक ओरखडे होते, अक्षरं आणि आकडे. पूर्वी ज्याने ज्याने हे घड्याळ उघडून दुरुस्त केलं, त्याने त्याने आतून आपली खूण करून ठेवलेली.

"तुम्ही केलीत?"

"आता परवानगी नाही गं."

"मग तुमचं काय राहणार ह्यात?"

"चाललं ना घड्याळ, मग मी राहिलो."

आता खंडेनवमी आली. आमच्या घरी ह्या दिवशी हत्यारांची पूजा असते. सासऱ्यांची रंधा-करवत असायची, ह्यांचे स्क्रू-ड्रायव्हर आणि चिमटे. हे दर वर्षी आपली स्वतःची हत्यारांची गुंडाळी त्यासाठी घरी आणायचे. त्या वर्षी नवमी रविवारी होती. पाटावर नवं कापड घातलं, हत्यारं मांडली, मी हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली, ह्यांनी निरांजन ओवाळलं. घड्याळ लांब होतं, हॉलमधल्या कपाटावर. त्याला पूजेत आणायचा विषयसुद्धा निघाला नाही. ते दुसऱ्याचं.

मग हे मुलीला क्लासला सोडायला गेले. ती तेव्हा बारावीत होती. घरात मी एकटी. कढी उकळायला ठेवली आणि सहज हॉलमध्ये आले. टिकटिक चालू होती. आणि मला वाटलं, हत्यारांची पूजा झाली, पण ज्याच्यावर ह्यांचं सगळं अडलंय त्याला आपण साधा नमस्कारही केला नाही. बस, एवढंच. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझा आगाऊपणा. पण मनात पाप नव्हतं हो, खरंच नव्हतं. मी करंगळीशेजारचं बोट ओलं करून हळदीत बुडवलं. मीनेवर लावलं नाही, डायलवर लावलं नाही, म्हटलं नको, नाजूक आहे. खालच्या कोपऱ्यातल्या एका खड्यावर टेकवलं. दगड तर आहे, दगडाला काय होतंय! वर कुंकवाचा ठिपका. हात जोडले. म्हटलं, ह्यांना यश दे. आणि कढी उतू जातेय का बघायला पळाले.

विसरले. चक्क विसरले. कढी, कोशिंबीर, पुरण, क्लिनिकमधून आलेला एक फोन. दोनेक तासांनी हॉलमध्ये आले तर तो ठिपका दिसला आणि ओल्या फडक्याने पुसायला गेले. कुंकू निघालं. हळद राहिली.

पिरोजा दगड दिसतो, पण पाणी पितो. तेल पितो. रंग पितो. हे मला नंतर कळलं, ह्यांच्याच तोंडून. तेव्हा फक्त दिसलं की आकाशी खड्यात पिवळा ढग शिरलाय. मी काय करावं? कपड्याचा साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लाल होते हे मला माहीत नाही? जन्मभर कपडे धुतेय मी! पण घाबरलं की माणसाला काही सुचत नाही. खडा तांबूस झाला. पुन्हा पाणी लावलं. मग आईचा उपाय आठवला, हळदीच्या डागाला खोबरेल तेल. तेही लावलं. तांबूस गेलं, पण खडा हिरवट पिवळा पडला. शेवटी मी ते घड्याळ जरासं वळवून तो कोपरा भिंतीकडे केला आणि स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसले. मनात ठरवलं होतं, हे आले की सांगायचं.

हे आले, मुलगीही आली, ताटं वाढली. ह्यांचा चेहरा इतका फुललेला होता. सकाळच्या नोंदीत घड्याळ दिवसाला चारच सेकंद पुढे होतं. एवढ्या जुन्या यंत्राला चार सेकंद म्हणजे काय समजतेस तू, म्हणाले. बटाट्याची भाजी दोनदा मागून घेतली. मी म्हटलं, जेवण होऊ दे, मग सांगू. जेवणानंतर हात धुऊन हे हॉलमध्ये गेले तर बाल्कनीतून ऊन थेट घड्याळावर येत होतं. ह्यांनी पटकन दोन्ही हातांनी घड्याळ उचललं आणि तसंच सावलीत ठेवलं; तो कोपरा मागेच राहिला.

मुलगी ओरडली, "बाबा, ग्लव्ह्ज!"

"धुतलेत गं हात."

"यू आर सो गोइंग टू गेट फायर्ड," ती म्हणाली आणि दोघं हसली.

मी त्या हसण्यात काही बोलले नाही. संध्याकाळी पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी पहाटे हे पेटी घेऊन बसला गेले. अंधारात पेटीत ठेवताना कोपरा दिसला नसणार.

त्या दिवशी घरी आले ते हळूच आले. बूट काढले, नीट जोडीने ठेवले, सोफ्यावर बसले. मी पाणी आणून दिलं. म्हणाले, "अगं, माझ्या हातून घाण झाली."

दिव्याखाली पेटी उघडल्यावर खडा दिसला होता. हळद आणि तेल. ह्यांनी लगेच ओळखलं. "भाजीचा हात. धुतला होता, पण नखात राहिलं असणार. मी उघड्या हाताने उचललं ना काल. पोरगी सांगत होती, ग्लव्ह्ज."

मी रिकामा पेला उचलला. मग ह्यांनीच विचारलं, सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "पूजेची हळद तिकडे कुठे उडाली नव्हती ना गं?"

"छे!" मी म्हटलं.

इतकंच. एक अक्षर. ह्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास होता ना. मग म्हणाले की मॅनेजरला सगळं सांगून टाकलंय. त्यावर माझ्या मनात काय आलं तेही सांगते. आता मी खरं सांगितलं तर ह्यांना परत जाऊन सांगावं लागेल की माझ्या बायकोने कस्टमरच्या घड्याळाला हळदकुंकू वाहिलं. सगळं वर्कशॉप हसेल. त्यापेक्षा भाजीचा हात बरा. हे मी स्वतःला सांगितलं आणि मला ते पटलंसुद्धा. आपल्याला जे सोयीचं असतं ते किती पटकन पटतं! शिवाय उद्या सांगता येईल असंही वाटलं. उद्या जरा शांत झाल्यावर.

मॅनेजर चांगला माणूस होता. म्हणाला, हबीबी, होतं असं, खलास. तसलाच जुना खडा पॅरिसहून शोधून मागवला, बसवला, घड्याळ मालकाकडे गेलं. मालकाला फरकही कळला नाही म्हणे. नोकरी गेली नाही. ओरडासुद्धा बसला नाही. बेंच अजूनही ह्यांनाच द्यायला तयार होते.

ह्यांनीच नको म्हटलं.

"का?" मी विचारलं. मला वाटलं आता सुटलो, आणि हे असं.

"शंभर वर्षं त्या घड्याळाला इतके हात लागले. कुणाच्या हातून डाग पडला नाही. माझ्या पडला," हे म्हणाले. "माझ्या हातांवर माझा भरवसा राहिला नाही गं. धुतलेले हात होते ते. धुतलेल्या हातांनी असं होत असेल तर मी कुठल्या तोंडाने ते काम मागू?"

तेव्हा बोलायला हवं होतं. तिथेच, त्या क्षणी. मी म्हटलं, "असं काही नसतं, मनाला लावून घेऊ नका," आणि उठून कुकर लावला. बेंच दुसऱ्या कुणाला मिळाला. हे मॉलमधल्या सर्व्हिस काउंटरवर गेले, बॅटऱ्या आणि पट्टे. बेंचला नको म्हटलं त्याच रात्रीच्या जेवणाला ह्यांनी ड्रॉवरमधून चमचा काढून घेतला. मी बघितलं. मुलीने बघितलं, तिला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी परत चमचा. मग तेच चालू राहिलं. हातांना सवय नको हळदीची, एवढंच म्हणाले एकदा. पुढच्या खंडेनवमीला हत्यारांची गुंडाळी घरी आलीच नाही. मी विचारलं नाही, आणि ओट्याला टेकून ती पॅरिसची गोष्टही पुन्हा कधी झाली नाही. पोळ्या करताना स्वयंपाकघर इतकं गप्प असायचं की मी रेडिओ लावायला लागले.

एकदा प्रयत्न केला मी. आम्ही दोघं फुजैराला गेलो होतो, मुलगी युनिव्हर्सिटीच्या ट्रिपला होती. समुद्रावर बसलो होतो. लांब तेलाची जहाजं ओळीने उभी होती. मी संत्रं सोलून फोडी दिल्या तर ह्यांनी त्या टिशूने धरून खाल्ल्या. मी साल खाली ठेवली. म्हटलं, "अहो, त्या घड्याळाचं..."

"नको तो विषय," हे म्हणाले. "खलास."

आणि मला, देवा, बरं वाटलं. त्यांनीच नको म्हटलं, मी काय करणार! असं म्हणून मी उरलेलं संत्रं खाल्लं. भित्री बाई. दुसरा शब्द नाही.

गेल्या वर्षी ह्यांना हार्ट ॲटॅक आला आणि आठ दिवसांत सगळं संपलं. शेवटचे दोन-तीन दिवस मीच भरवत होते. हॉस्पिटलातली पेज, चमच्याने. ह्यांचे हात चादरीवर असायचे. इतके स्वच्छ, नखं इतकी बारीक कापलेली, की नर्स म्हणाली, सर डॉक्टर आहेत का? मी म्हटलं, घड्याळजी आहेत. हे ऐकून ह्यांनी मान हलवली, नाही अशी. मी तेव्हासुद्धा सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले होते मनाला धक्का नको. बघा, तिथेही मला सबब सापडली.

यंदा पितृपक्षात मी ह्यांचं पान वाढलं. क्लिनिकमधून सुट्टी घेतली. केळीचं पान इंडियन ग्रोसरीत मिळालं. ह्यांना आवडायचं ते सगळं केलं, बटाट्याची पिवळी भाजी, कढी, वडे, खीर. मुलगी आता नोकरी करते. तिने ऑफिसला उशिरा जाईन म्हणून कळवलं आणि मदतीला राहिली. मी पान वाढून वळले तर तिने पानाच्या उजव्या बाजूला चमचा ठेवला होता. ह्यांचाच, पुण्याच्या पंगतीत खिशातून निघालेला.

"चमचा कशाला?" माझा आवाज चढला.

"बाबा ऑल्वेज यूज्ड अ स्पून," ती म्हणाली. साधं, सहज.

मी तिथेच फरशीवर बसले आणि तिला सगळं सांगितलं. ओलं बोट, हळद, साबण, तेल. छे म्हटलेलं. फुजैराचं संत्रं. कढी गार होत होती.  सांगून झाल्यावर ती पानाकडे बघत म्हणाली,

"यू शुड हॅव टोल्ड हिम, आई."

"हो."

तिने मला जवळ घेतलं नाही. घ्यावं असं मलाही वाटलं नाही. तिने डोळे पुसले, पर्स उचलली, आणि दारापाशी थांबून म्हणाली, "टेल हिम नाऊ." मग लिफ्टचा आवाज आला.

घरात मी आणि ते पान. मी चमचा उचलला आणि ओट्यावर ठेवला. पानाभोवती पाणी फिरवलं. हात जोडायला गेले तर बोटाला भाजीची हळद लागलेली दिसली, माझ्या बोटाला.

"अहो," म्हटलं, "हाताने जेवा. तुमचे हात स्वच्छ होते."